ब्रॉनी कामावर परतली ते वर्ष

आमच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलायचं तर दोघी लागतात. एकटीने हात लावायचा नाही, असा नियमच आहे. बरीच वर्षं माझ्या जोडीला ब्रॉनी हेफर्नन आहे. पलंगाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, मधे उचलायच्या यंत्राचा पट्टा आणि त्यात कोणीतरी म्हातारं माणूस. तिचं ट्रॉयशी जमलं ते, त्यांनी घर घेतलं ते, दोनदा दिवस राहून फुकट गेले ते, आणि शेवटी टिली झाली ते, हे सगळं मला तिने असंच पलंगापलीकडून सांगितलं. माझ्याकडे न बघता, चादरीचे कोपरे खोचता खोचता.

आमचं विनयार्ड म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहानसं गाव. समुद्राचा वारा आणि बटाट्याची लाल माती, दोन्ही घरात येतात. ट्रॉय दुधाचा टँकर चालवतो. पहाटे निघायचं, एकेका गोठ्यावर जाऊन दूध भरायचं आणि कारखान्यावर पोचवायचं. बोलायला कमी, पण मनाने चांगला. बाळ झाल्यावर महिनाभर तो भेटेल त्याला फोनमधला तोच एक फोटो दाखवत होता.

टिली मे महिन्यात झाली. ब्रॉनी फेब्रुवारीपर्यंत घरी होती. सुरुवातीला पगारी रजा होती, मग बिनपगारी. पण मुलांसाठी सरकारकडून कुटुंबाला जो भत्ता मिळतो, तो दर पंधरवड्याला खात्यात येत होता. त्यावर शेकोटीची लाकडं आली, बाळाचं दूध आलं, गाडीचे टायर आले. फेब्रुवारीत ती आठवड्यातले तीन दिवस कामावर यायला लागली. गणवेश अंगाला घट्ट बसत होता. केस ओले, तसेच बांधलेले.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"झोप सोडून सगळं आहे, डोरीन," ती म्हणाली आणि हातमोजे चढवले.

पहिल्या खोलीत हॉब्डेबाई होत्या. त्यांचं डोकं आता जागेवर नसतं, पण डोळे लख्ख असतात. ब्रॉनीला त्यांनी ओळखलं नाही. तिच्या पोटाकडे मात्र एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "पोर कुणाकडे टाकून आलीस?"

"पाळणाघरात आहे, हॉब्डेबाई. छान आहे तिथे."

"रडत असेल."

"थोडा वेळ रडते. मग खेळते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्याकडे असं करायचं नसतं, पण मी एकदा ब्रॉनीला म्हटलं, "ही खोली मी दुसरीबरोबर करते, तू पुढच्या खोलीत जा." ती नको म्हणाली. "त्यांना कोणीतरी उत्तर दिलंच पाहिजे," म्हणाली. "आणि मलाही ऐकून ऐकून सवय होईल." सवय झाली नाही. उत्तर देताना तिचा आवाज तसाच राहायचा, फक्त पट्ट्याचे हूक लावणारे हात घाई करायला लागायचे.

पाळणाघर स्वस्त नाही. त्यातला काही भाग सरकार भरतं, उरलेला आईबापांनी भरायचा. रजेवरून यायच्या आधी ब्रॉनीने फोनवरून सरकारी संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात जाऊन सगळं भरलं होतं. आठवड्याचे किती तास काम, पाळणाघर कोणतं, दिवस कोणते. भरून झाल्यावर हिरवी खूण आली. तिला वाटलं, झालं. एकाच कचेरीला सांगितलं म्हणजे सगळ्या कचेरीला कळलं. मलाही तसंच वाटलं असतं.

पण भत्ता ही गोष्ट वेगळी चालते. वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे जुलैत, तुम्ही सांगायचं की या वर्षी आम्ही दोघं मिळून अंदाजे इतकं कमावू आणि त्यातलं एकेकाचं इतकं. तुमच्या शब्दावर ते पैसे देत राहतात. वर्ष संपलं की आयकराचे कागद येतात, मग अंदाज आणि खरी कमाई शेजारी शेजारी ठेवून बघतात. कमी दिले असतील तर देतात. जास्त दिले असतील तर मागतात. ब्रॉनीने जुलैत अंदाज दिला तेव्हा टिली जेमतेम सहा आठवड्यांची होती. कामावर कधी जायचं, जायचं की नाही, हेही ठरलेलं नव्हतं. तो अंदाज तसाच राहिला.

त्यात फेब्रुवारीनंतर आश्रमात माणसं कमी पडायला लागली. मॅनेजरबाई ब्रॉनीला जास्तीच्या शिफ्ट देत आणि ती घेत होती. तिकडे ट्रॉयही ओव्हरटाइम घेत होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण घरासाठी चार पैसे जास्त आणतोय.

ऑगस्टमधल्या ऐन थंडीत, एका सकाळी चहाच्या सुट्टीत आम्ही हीटरजवळ बसलो होतो. ब्रॉनी टोस्ट खाता खाता फोन बघत होती. चावायची थांबली. फोन माझ्यासमोर धरला.

"हे काय लिहिलंय, तू वाच. मला नीट कळत नाहीये."

मी चष्मा लावला. गेल्या वर्षी तुम्हाला कौटुंबिक भत्ता जास्त दिला गेला, तो परत करायचा आहे, असं लिहिलं होतं. रक्कम साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. खाली भत्त्याचे दोन भाग, ए आणि बी, आणि त्यांचे आकडे.

"मी काही खोटं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"तसं कोणी म्हणतही नाही."

"मग चोर पकडल्यासारखं का वाटतंय?"

तिने उरलेला टोस्ट कागदात गुंडाळला, खिशात ठेवला, आणि आम्ही बारा नंबरच्या आजोबांना अंघोळीला न्यायला गेलो.

त्यानंतर ती गप्प गप्प राहायला लागली. कामात चूक नव्हती, पण जीव नव्हता. रोज थोडा थोडा हिशोब बाहेर पडायचा. "पाळणाघराचे गेले, पेट्रोलचे गेले, भत्ता कमी झाला. दिवसभर माणसं उचलून माझ्या हातात उरतं काय, तर बेकरीतली एक कॉफी. तीही बसून प्यायला वेळ नाही, गाडीत प्यायची."

"पुढचं वर्ष बरं जाईल," मी म्हणायची.

"तू दर वर्षी म्हणतेस."

तिच्या सासूबाई लिनेट उल्व्हरस्टोनला असतात. खुबा दुखतो म्हणून बाळाला सांभाळायला येत नाहीत, पण फोन मात्र रोज करतात. ब्रॉनी मला त्यांचं बोलणं, पूर्ण नावाने हाक मारण्यासकट, त्यांच्याच सुरात करून दाखवायची. "मी काही म्हणत नाही हं, ब्रॉनविन. तुमचं तुम्ही बघा. पण आम्ही पोरं घरी वाढवली आणि आम्हाला कोणाला पैसे परत करावे लागले नाहीत." एवढं करून ती हसायची, पण सासूचं बोलणं तिला लागलेलं असायचं.

"तू काय म्हणालीस मग त्यांना?" मी एकदा विचारलं.

"म्हटलं, लिनेट, तुमचा खुबा बरा झाला की तुम्हीच या. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात आता बरा व्हायचा नाही."

मग एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ती म्हणाली, "मी सोडतेय, डोरीन. मॅनेजरबाईंना अजून सांगितलं नाही. महिनाअखेर सांगेन."

मी स्वतः तीन मुलं वाढवली, कामावर पोरं शाळेत जायला लागल्यावर आले. पण मला ब्रॉनीचं काम माहीत होतं. घाबरलेलं माणूस उचलताना ती यंत्राचं बटण दाबायच्या आधी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटते आणि ते माणूस सैल पडतं. ती काय सांगते, हे मला अजून माहीत नाही. असं सगळ्यांना येत नाही.

"ट्रॉयला सांगितलंस?"

"तो भेटतो कुठे? मी उठते तेव्हा गेलेला असतो. येतो तेव्हा बसल्या जागी झोपतो. टिली त्याच्या बुटाशी खेळते."

तिने सांगायच्या आधीच सप्टेंबरात ते झालं. ट्रॉय सलग सहावी पहाट टँकर चालवत होता. बोट हार्बर गावाच्या बाजूला एका गोठ्याच्या अरुंद रस्त्यावर त्याचा डोळा लागला. क्षणभरच. टँकर रस्त्यावरून घसरला आणि मागची चाकं चरात गेली. कुंपणाचे चार खांब मोडले. टँकर उलटला नाही, माणसाला इजा झाली नाही. शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून तो ओढून काढला, ट्रॉयला आपल्या स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. कंपनीने त्याला चार दिवस घरी बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याचं सूप घेऊन त्यांच्याकडे गेले. ब्रॉनीची सुट्टी होती. दोघं स्वयंपाकघरात बसली होती, आणि मी दार ढकललं तेव्हा भांडण ऐन रंगात होतं. मी परत फिरणार होते, पण ब्रॉनी म्हणाली, "ये, डोरीन. तूही ऐक. याला वाटतं, मला नोकरी सोडायची म्हणजे हा कमी पडतो."

"मी तसं म्हटलं नाही," ट्रॉय म्हणाला. "मी म्हटलं, मी जास्त काम करतो, तू आराम कर."

"तू मेला असतास काल."

टिली उंच खुर्चीत बसून टोस्टचे तुकडे खाली टाकत होती. मी वाकून एकेक उचलत होते.

"कचेरीला फोन केलात का?" मी विचारलं.

"काय करू फोन करून?" ब्रॉनी म्हणाली. "पैसे घेतले ते घेतले. ते काय सोडून देणार आहेत?"

"नको सोडू देत. पण का मागतायत, ते तरी सांगतील. कशाचे पैसे आहेत, ते ना तुला कळलंय ना मला."

ट्रॉयने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि नंबर लावला. खूप वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. तेवढ्या वेळात सूप गरम झालं, खाऊन झालं, टिलीचा लंगोट बदलून झाला, ती आतल्या खोलीत झोपली. ट्रॉयही टेबलावर डोकं ठेवून झोपला. मग एक बाई बोलायला लागली आणि तो दचकून उठला.

बाईचा आवाज वयस्कर नव्हता, पण थकलेला होता. सकाळपासून तिने किती जणांचं ऐकलं असेल कोण जाणे. तिने नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला. ब्रॉनीने शाळेत उभं करून विचारल्यासारखी उत्तरं दिली. मग म्हणाली, "मी जास्त पैसे घेतले असं तुम्ही कळवलंय. मी भांडायला फोन केलेला नाही. फक्त मला ते समजावून सांगा. मला कळलेलं नाही."

मग बाई म्हणाली, "सांगते. हळूहळू सांगते. कळलं नाही तर थांबवा मला."

आणि तिने खरंच हळूहळू सांगितलं. भत्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग ठरतो घरातल्या सगळ्या कमाईवर, नवरा-बायको मिळून. दुसरा भाग असतो जो कमी कमावतो, त्याच्या एकट्याच्या कमाईवर. मूल लहान असतं, एकजण घरी असतो, त्याला हातभार म्हणून तो भाग. "तुमच्या घरी कमी कमाई तुमची, म्हणून दुसरा भाग तुमच्या पगारावर. तुम्ही अंदाज दिला होता जवळपास शून्य. वर्षअखेर पगार दिसतोय बराच जास्त. म्हणून तो सगळा भाग परत मागितला गेलाय."

"सगळ्या वर्षाचा?" ब्रॉनीने विचारलं. "पण मी फेब्रुवारीपासून गेले. त्याआधी मी घरीच होते."

"बाळ झाल्यावर पहिल्यांदाच गेलात का कामावर?"

"हो."

"त्याआधी या वर्षात एकही दिवस काम केलं नव्हतं?"

"कुठून करणार? टाके होते मला."

बाई हसली नाही, पण तिचा आवाज बदलला. "पाळणाघराच्या नोंदीत तुमचे तास दिसतायत मला. पण कामावर परतल्याची तारीख भत्त्याच्या नोंदीत नाहीये. ती वेगळी कळवावी लागते. पुष्कळांचं राहून जातं. माझंही राहिलं होतं पहिल्या वेळी, आणि मी इथे कामाला आहे."

ट्रॉयने ब्रॉनीकडे बघितलं.

"मग आता?" ब्रॉनी म्हणाली.

"आता तारीख सांगा. बाळंतपणानंतर कोणी कामावर परतलं, तर परतायच्या आधीचे महिने वेगळे धरायची सोय आहे. तुम्ही घरी होतात त्या महिन्यांना नंतरच्या पगाराची झळ लागू नये म्हणून. आठवड्याचे चार-दोन तास असून चालत नाही, नीट काम सुरू झालेलं असावं लागतं. पण तुमचं तसंच आहे. मी अर्ज लावते. निर्णय माझ्या हातात नाही, पण नियमात बसतंय."

ब्रॉनीने तारीख सांगितली. तारीख तिला आठवावी लागली नाही. त्या सकाळी पाळणाघराच्या दारात टिलीने तिची बाही धरून ठेवली होती, ते तिने मला आधी कितीदा सांगितलं होतं.

"आणि पहिला भाग?" ट्रॉय पहिल्यांदाच बोलला. "तो माझ्यामुळे का?"

"दोघांमुळे," बाई म्हणाली. "तुमचा ओव्हरटाइम, त्यांच्या जास्तीच्या शिफ्ट. घरची कमाई अंदाजापेक्षा वर गेली. ते पैसे द्यावे लागतील. एकदम नको. पुढच्या भत्त्यातून थोडे थोडे वळते करून घेता येतात."

"म्हणजे मी पहाटे जास्तीचं काम केलं, आणि..."

"सगळं वाया नाही गेलं, साहेब. पण जितकं हातात पडलं असं वाटत होतं, तितकं पडलं नाही. इतकंच."

ट्रॉयने मान हलवली. ती फोनवर दिसत नाही हे त्याला सुचलं नाही.

ठेवायच्या आधी बाईने ब्रॉनीला सांगितलं, तास बदलले, पगार बदलला, की अंदाज बदलायचा. वर्षअखेरची वाट बघायची नाही. शंका असेल तर कमाई थोडी जास्तच सांगायची, म्हणजे वर्षअखेर पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत. ब्रॉनी सगळ्याला "हो, हो" म्हणत होती. मग अचानक म्हणाली, "तुमचं बाळ केवढं आहे?"

"दुसरं सात महिन्यांचं," पलीकडून आवाज आला. "रात्री झोपत नाही. बरं, ठेवते. रांग मोठी आहे."

फोन बंद झाला. ब्रॉनीने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. मला वाटलं रडतेय, पण ती नुसतीच तशी बसली होती. ट्रॉय उठला, मोरीतली भांडी घासायला लागला. पाण्याच्या आवाजात तो म्हणाला, "मी ओव्हरटाइम बंद करतो."

"सगळा नको. आठवड्याला एक पहाट घे."

"आणि तू?"

"मी तीन दिवस. जास्तीच्या शिफ्ट नाहीत."

"सोडणार होतीस ना?"

"ते मी अर्धवट माहितीवर ठरवलं होतं," ब्रॉनी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि मला तिथे बरं वाटतं, ट्रॉय. दमते, पण बरं वाटतं. हे मी तुझ्या आईला सांगू शकत नाही."

"आईला नको सांगूस," तो म्हणाला. "मला सांग."

कचेरीचा निर्णय यायला महिना लागला. दुसऱ्या भागाचे, घरी असतानाच्या महिन्यांचे पैसे परत मागायचे नाहीत असं ठरलं. फेब्रुवारीनंतरचे थोडे आणि पहिल्या भागाचे राहिले. एकूण रक्कम अर्ध्याच्याही खाली आली. उरलेले भत्त्यातून दर पंधरवड्याला कापून जाऊ लागले. भत्ता आता लहानसाच होता, त्यातून कापल्यावर फारच लहान. ब्रॉनी फोनवर बघायची आणि "आज एका पिशवीभर बटाट्यांचे आले," असं म्हणायची.

मी तिला एकदा विचारलं, "आता पटतं का सगळं?"

"कळतं," ती म्हणाली. "आधी नुसतंच अंगावर येत होतं. आता कळतं कुठून येतंय."

तिची दमणूक काही संपली नाही. हिवाळ्यात टिलीचे कान दुखायचे, आता दात येत होते. पाळणाघरातून फोन यायचा की ताप आहे, घेऊन जा. ब्रॉनी अर्ध्यातून निघायची, तिचे तास कमी व्हायचे, आणि मग घरी बाळाला खांद्यावर घेऊन एका हाताने फोनवर अंदाज बदलायची. ट्रॉय रविवारी पहाटे घरी असायला लागला. लिनेट एकदा दोन दिवस येऊन राहिल्या. खुबा धरून सोफ्यावर बसल्या आणि टिली त्यांच्या काठीला धरून उभी राहायला शिकली. परत जाताना त्यांनी ब्रॉनीला विचारलं, "तिथे तुला कोण जोडीला असतं?" ब्रॉनीने माझं नाव सांगितलं. "म्हणजे एकटी नसतेस," त्या म्हणाल्या. एवढंच. ब्रॉनीला ते दिवसभर पुरलं.

नोव्हेंबरात मॅनेजरबाईंनी तिला बोलावून घेतलं. आमच्या मजल्याची प्रमुख म्हणून तिला घ्यायचं होतं. पगार जास्त, दिवस चार. लगेच हवं होतं.

ब्रॉनीने दोन दिवस मागून घेतले. घरी दोघांनी बसून काय काय जोडलं, वजा केलं, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती मॅनेजरबाईंकडे गेली, आणि मी दाराबाहेर चादरींची गाडी घेऊन उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"घेते," ती म्हणाली. "पण जुलैपासून."

"जुलै? अगं, इतके महिने?"

"तोवर टिली दोन वर्षांची झालेली असेल. रात्री झोपत असेल. आणि आमचं जुनं देणं फिटलेलं असेल. भत्त्याचं नवं वर्षही तेव्हाच सुरू होतं, म्हणजे अंदाज पहिल्याच दिवशी खरा देता येईल."

मॅनेजरबाईंना हे सगळं कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यांची मुलं मोठी आहेत. पण तिच्यासारखी दुसरी मिळत नव्हती, म्हणून त्या थांबायला कबूल झाल्या. ब्रॉनी बाहेर आली, माझ्या हातून गाडीचं एक टोक घेतलं आणि म्हणाली, "चल, चार नंबरच्या आजोबांना अजून उठवायचंय."